सायनोबॅक्टेरिया ओळखावेत आणि वाढवावेत कसे: डबक्यापासून काचपट्टीपर्यंत

हिरवे पाणी दिसले की त्याला शेवाळ म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या हिरवेपणात दोन अगदी वेगळ्या कुळांतले जीव एकत्र नांदत असतात. एक म्हणजे खरे शेवाळ. त्याच्या पेशीत केंद्रक असते, हरितलवके असतात, सगळा सरंजाम वनस्पतींसारखा. दुसरे सायनोबॅक्टेरिया, ज्यांना पाठ्यपुस्तके अजूनही नील-हरित शैवाल म्हणतात. यांना केंद्रक नाही, हरितलवक नाही. हे सरळसरळ जीवाणू आहेत. मात्र पाण्याचा रेणू फोडून, ऑक्सिजन बाहेर टाकत प्रकाशसंश्लेषण करणे जीवाणूंमध्ये फक्त यांनाच साधले. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्यामुळे. झाडाच्या पानातले हरितलवक हेही मुळात एका मोठ्या पेशीने गिळलेल्या, पण न पचलेल्या सायनोबॅक्टेरियाचे वंशज. ही कल्पना रशियन जीवशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडली, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये ती नव्याने उभी केली आणि पुढे जनुकांच्या तुलनेतून ती पक्की झाली.

शाळा-कॉलेजात असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक ज्याला वापरायला मिळतो, त्याच्यासाठी हा लेख आहे. नमुना आणायचा, तपासायचा, ओळखायचा आणि जमल्यास बाटलीत वाढवायचा, असा क्रम ठेवला आहे. वाटेत एक प्रश्न सतत डोक्यात असू द्या: ऑक्सिजन तयार करणारा हा जीव स्वतःच्याच ऑक्सिजनच्या त्रासातून कसा सुटतो? परीक्षेसाठी पाठ केलेली निम्मी अवघड नावे या एका प्रश्नाची उत्तरे आहेत.

पायरी पहिली: नमुना

साचलेले पाणी ही फक्त एक जागा. ओलसर भिंतीवरचे काळपट ओघळ, कुंडीच्या कडेची निळसर-काळी साय, ओल्या मातीवरचा चामड्यासारखा पापुद्रा, पावसानंतर जमिनीवर उगवल्यासारखे दिसणारे जेलीचे हिरवट गोळे, मत्स्यपेटीच्या वाळूवरून अखंड पापुद्र्यासारखा निघणारा बुळबुळीत थर, या सगळ्यांत सायनोबॅक्टेरिया सापडतात. काळपट रंगाने फसू नका. उघड्यावर ऊन सोसणाऱ्या प्रजाती पेशीभोवतीच्या आवरणात स्कायटोनेमिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य भरतात आणि ते अतिनील किरण अडवते. आत पेशी निळ्या-हिरव्याच असतात.

रुंद तोंडाची बाटली घ्या, अर्धीच भरा, वर हवा राहू द्या. झाकण सैल ठेवा आणि बाटली उन्हात ठेवू नका. चिठ्ठीवर जागा, तारीख, रंग आणि वास लिहा. वास लिहायला बहुतेक जण विसरतात. पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास, तो जिओस्मिन या द्रव्याचा. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू बनवतात तसेच अनेक सायनोबॅक्टेरियाही बनवतात. त्यामुळे पाण्याला मातकट वास येत असेल तर तो धागा नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कोरडे पापुद्रे मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. कागदात ते वर्षानुवर्षे टिकतात. वनस्पतिसंग्रहालयात शंभराहून अधिक वर्षे वाळून पडलेला नॉस्टॉक पाणी मिळताच पुन्हा वाढू लागल्याची नोंद आहे.

एक इशारा आधीच. पाण्यावर कोणी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय दिसली तर उघड्या हाताने स्पर्श करू नका, जनावरांना जवळ जाऊ देऊ नका, हातमोजे घालूनच नमुना घ्या. कारण पुढे येईल.

पायरी दुसरी: सूक्ष्मदर्शकाच्या आधी

आधी काठी फिरवून बघा. काठीला केसांच्या झुपक्यासारखे लांब धागे लटकले तर बहुधा तंतुमय हिरवे शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी माखून निघाली तर सायनोबॅक्टेरियाचा संशय बळावतो.

मग बरणीची चाचणी. पारदर्शक बरणी पाऊण भरा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये रात्रभर न हलवता ठेवा. खाण्याच्या वस्तूंपासून लांब, हे सांगायला नको. सकाळी हिरवा थर वर तरंगत कडेने जमला असेल तर तरंगणारे सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता मोठी. हिरवे तळाशी बसले असेल तर बहुतेक वेळा दुसरे काही. ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, कारण सगळे सायनोबॅक्टेरिया तरंगत नाहीत आणि तरंगणारे प्रत्येक हिरवे त्यांचे नसते.

तरंगण्याचे यंत्र मात्र अप्रतिम आहे. पेशीच्या आत प्रथिनांच्या पोकळ नळ्या असतात. त्यांची भिंत पाणी आत येऊ देत नाही, वायू येऊ देते. दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून पेशीत साखरेचा साठा वाढला की ती जड होऊन खाली उतरते. रात्री साठा खर्च झाला की पुन्हा वर येते. आदल्या संध्याकाळी स्वच्छ दिसणाऱ्या तळ्यावर पहाटे अचानक साय येते ती अशी. तरंगण्यामागे वायू आहे हे क्लेबान या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये फार गमतीने दाखवले. सायनोबॅक्टेरियाने भरलेल्या बाटलीच्या बुचावर त्याने हातोडी मारली, दाबाने नळ्या चेपल्या आणि तरंगणारे सगळे तळाशी गेले. काचेची बाटली आणि हातोडी ही जोडी घरी मात्र नको.

पायरी तिसरी: काचपट्टी तयार करणे

इथे घाई केली की पुढचे सगळे फुकट. सुईच्या टोकावर मावेल इतकाच नमुना घ्या, पाण्याच्या एका थेंबात टाका, दोन सुयांनी मोकळा करा. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूच तिरकी सोडा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. जास्तीचे पाणी टिपकागदाने कडेने ओढून घ्या. आधी १० पटीच्या भिंगाखाली जागा शोधा, मग ४० च्या भिंगावर जा. तेलाचे १०० चे भिंग असेल तर उत्तम, नसले तरी अडत नाही.

रंग बघायचा असेल तेव्हा प्रकाशाची झडप पूर्ण उघडा. भिंती आणि आवरणे बघायची असतील तेव्हा ती बरीच मिटा. या दोन गोष्टी एकाच वेळी नीट दिसत नाहीत.

आता ओळख. हिरव्या शेवाळाच्या पेशीत गवतासारखा भडक हिरवा रंग ठरावीक आकाराच्या लवकांत असतो आणि बाकीची पेशी रंगहीन दिसते. सायनोबॅक्टेरियात निळसर किंवा ऑलिव्ह छटेचा, जरासा मळकट रंग पेशीभर पसरलेला असतो. सोनेरी-तपकिरी, नक्षीदार काचेच्या डबीसारख्या पेशी दिसल्या तर त्या डायटम. त्या बाजूला ठेवा.

शंका राहिली तर आयोडीन वापरा. कव्हरस्लिपच्या एका कडेला पातळ आयोडीनचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागद लावून तो आत ओढा. हिरवे शेवाळ स्टार्च साठवते, त्यामुळे त्याच्या पेशीत निळे-काळे ठिपके उमटतात. सायनोबॅक्टेरिया ग्लायकोजेन साठवतात. तिथे फार तर तांबूस-तपकिरी छटा येते. इतकी स्वस्त आणि इतका सरळ निकाल देणारी चाचणी या विषयात दुसरी नाही.

निळेपणा येतो फायकोसायनिनमुळे. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश टिपते, मधला बराचसा पट्टा सोडून देते. फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश टिपते आणि ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवते. ज्यांच्याकडे फायकोएरिथ्रिन असते ते हिरवा प्रकाशही वापरतात आणि लालसर दिसतात. काही प्रजाती तर मिळणाऱ्या प्रकाशानुसार या दोन रंगद्रव्यांचे प्रमाण बदलतात. म्हणून फक्त रंगावरून नाव ठरवू नये.

पायरी चौथी: आकारावरून कुळ

सरळ, आडव्या रेघांचे धागे दिसले, जणू नाण्यांची चळत, आणि पाच मिनिटे नजर ठेवल्यावर ते संथपणे सरकताना किंवा टोके डोलवताना दिसले, तर ऑसिलेटोरिया किंवा त्याचे भाईबंद. शेपटी नाही, केस नाहीत, तरीही ते सरकतात. तसाच धागा स्पष्ट पारदर्शक नळीत बसलेला असेल तर लिंगबिया. स्प्रिंगसारखे वेटोळे असेल तर स्पायरुलिना किंवा आर्थ्रोस्पायरा. मण्यांच्या माळा घट्ट जेलीत गुंतलेल्या असतील तर नॉस्टॉक, मोकळ्या असतील तर बहुधा ॲनाबिना. बारीक गोल पेशींचे वेडेवाकडे पुंजके आणि पेशींत गडद ठिपके असतील तर मायक्रोसिस्टिस. ते गडद ठिपके म्हणजे मघाच्या वायूच्या नळ्यांचे पुंजके. फरशीच्या तुकड्यांसारख्या चार-चारच्या सपाट रांगा म्हणजे मेरिस्मोपीडिया.

इथे थांबा. प्रजातीचे नाव लिहायचा मोह आवरा. एकाच जीवाचा आकार पाणी आणि प्रकाशानुसार बदलतो, आणि आकाराने सारखे दिसणारे अनेकदा जनुकांनी दूरचे निघतात. काचपट्टीवरून कुळाच्या नावापर्यंत पोचलात तरी पुरे.

पायरी पाचवी: हेटेरोसिस्ट शोधणे

ॲनाबिना किंवा नॉस्टॉकची माळ मिळाली असेल तर आता तिच्यावर वेळ घालवा. माळेत साधारण दहा-वीस मण्यांमागे एक मणी वेगळा दिसतो: किंचित मोठा, फिकट, जाड भिंतीचा, शेजारच्या पेशींशी जोडलेल्या टोकांना चकाकणारे ठिपके. हा हेटेरोसिस्ट.

त्याचे काम हवेतला नत्र पकडणे. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले बंध इतके घट्ट की तो जवळपास कोणालाच वापरता येत नाही. नायट्रोजिनेज हे विकर तो फोडते आणि एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या द्रव्याचे, निदान १६ रेणू खर्च करते. अडचण अशी की ऑक्सिजनचा स्पर्श झाला की हे विकर निकामी होते. आणि आपला जीव तर दिवसभर ऑक्सिजनच बनवतो! एकाच पेशीत दोन्ही कामे एकाच वेळी चालणे कठीण.

ॲनाबिनाने यावर श्रमविभागणी केली. हेटेरोसिस्ट होणारी पेशी पाणी फोडणारी यंत्रणा मोडून टाकते, म्हणजे आत ऑक्सिजन बनणे बंद. भोवती ग्लायकोलिपिडचा जाड थर चढवते, म्हणजे बाहेरचा ऑक्सिजन आत येणे अवघड. तरी शिरलाच तर श्वसनाचा वेग वाढवून तो संपवते. कर्ब पकडणे तिने सोडलेले असते, म्हणून शेजारच्या पेशी तिला साखर देतात. बदल्यात ती ग्लुटामिनच्या रूपात नत्र देते. ही पेशी पुन्हा कधी विभागत नाही. माळेतले अंतर कसे राखले जाते, तर एचईटीआर हे प्रथिन पेशीला हेटेरोसिस्ट व्हायला लावते आणि तिथूनच निघणारा पॅटएस हा छोटा प्रथिनतुकडा शेजाऱ्यांना तसे होण्यापासून रोखतो. मेंदू नाही, नसा नाहीत, तरी माळेत शिस्त.

इतरांनी दुसरे मार्ग काढले. काही एकपेशीय प्रजाती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री नत्र पकडतात. त्यासाठी घड्याळ लागते, आणि ते त्यांच्याकडे आहे. सिनेकोकॉकसमधली केएआय-ए, केएआय-बी आणि केएआय-सी ही फक्त तीन प्रथिने एटीपीसह परीक्षानळीत ठेवली तरी सुमारे २४ तासांचा ताल धरतात, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. समुद्रातला ट्रायकोडेस्मियम तर हेटेरोसिस्टशिवाय भर दिवसा नत्र पकडतो.

ऑक्सिजनचा दुसरा त्रास कर्ब पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला होतो. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनच उचलते. त्यावर उपाय म्हणून सायनोबॅक्टेरिया रुबिस्कोला कार्बोक्सिसोम नावाच्या प्रथिनांच्या कोशात बंद करतात आणि आत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवून ठेवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसत नाही, पण पेशी बघताना ते तिथे आहे हे ध्यानात असू द्यावे.

माळेत मोठे, लांबट, दाणेदार मणी दिसले तर ते हेटेरोसिस्ट नव्हेत. ते अकिनेट, म्हणजे वाईट दिवसांसाठी झोपून राहणाऱ्या पेशी. नवशिके इथे हमखास गोंधळतात.

पायरी सहावी: बाटलीत वाढवणे

जगभर सर्वांत रुळलेले माध्यम म्हणजे बीजी-११. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम नायट्रेट १.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.०४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०७५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.०३६ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड आणि फेरिक अमोनियम सायट्रेट प्रत्येकी ०.००६ ग्रॅम, ईडीटीए ०.००१ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ०.०२ ग्रॅम आणि सूक्ष्म धातूंचे द्रावण १ मिलिलिटर. या शेवटच्यात बोरॉन, मँगेनीज, जस्त, मॉलिब्डेनम, तांबे, कोबाल्ट असतात. इतकी बारीक वजने साध्या काट्यावर होत नाहीत, म्हणून प्रत्येक क्षाराचे तीव्र द्रावण आधी करून ठेवा आणि त्यातून मिलिलिटरने घ्या. सामू ७.५ च्या आसपास हवा. निर्जंतुक करताना फॉस्फेट वेगळे उकळून थंड झाल्यावर मिसळले तर साका बसत नाही. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे. प्रेशर कुकरनेही काम भागते.

बाटली पाव भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा, २५ ते ३० अंश तापमान ठेवा, प्रकाश सौम्य द्या. थेट ऊन देणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. सायनोबॅक्टेरिया सावलीत रमतात आणि कोवळे संवर्धन कडक उन्हात पांढरे पडते. दिवसातून एकदा बाटली हलवा.

नमुन्यात सरकणारे धागे असतील तर ते वेगळे करायला छान युक्ती आहे. आगरच्या, म्हणजे माध्यम जेलीसारखे घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या, थाळीत मध्यभागी नमुना ठेवा, थाळी काळ्या कागदाने गुंडाळा आणि एका बाजूला छोटी खाच ठेवून तिथून प्रकाश येऊ द्या. धागे प्रकाशाच्या दिशेने सरकत जातात आणि बरीचशी घाण मागे राहते. पुढे गेलेल्या धाग्यांखालचा आगरचा तुकडा कापून नव्या बाटलीत टाका. तरीही त्यांच्या चिकट आवरणात इतर जीवाणू राहतातच. पूर्ण शुद्ध संवर्धनाच्या मागे लागू नका. निरीक्षणासाठी एकाच जातीचा सायनोबॅक्टेरिया असला की झाले.

आता या लेखातला सर्वांत मोलाचा प्रयोग. ॲनाबिनाचे संवर्धन दोन बाटल्यांत वाटा. एकीत पूर्ण माध्यम, दुसरीत सोडियम नायट्रेट न घातलेले. या दुसरीत फेरिक अमोनियम सायट्रेटऐवजी फेरिक सायट्रेट वापरा, कारण अमोनियमही नत्रच. दुसऱ्या बाटलीत टाकण्यापूर्वी पेशी नत्रविरहित माध्यमाने दोन-तीनदा धुवून घ्या. साधारण एका दिवसानंतर दोन्हींच्या काचपट्ट्या करून शंभर पेशींमागे हेटेरोसिस्ट मोजा. नत्र तोडलेल्या बाटलीत ते स्पष्ट जास्त दिसतील. मॉलिब्डेनम माध्यमात का असते तेही इथे कळते: नायट्रोजिनेजच्या गाभ्यात तो धातू असतो.

हेटेरोसिस्ट न बनवणाऱ्या जातीची बाटली पिवळी पडू लागली तर नत्र संपले असे समजा. अशा वेळी पेशी आपलेच फायकोसायनिन मोडून त्यातला नत्र वापरतात. सिनेकोसिस्टिससारख्या जाती या अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरतात आणि नायट्रेट मिळाले की दोन-तीन दिवसांत पुन्हा हिरव्या होतात. फेकायची घाई करू नका.

पायरी सातवी: निळा रंग हाती घेणे

हा प्रयोग मुलांसोबतही करता येतो. खाण्याच्या स्पायरुलिनाची एक ग्रॅम भुकटी ५० मिलिलिटर थंड पाण्यात मिसळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि गाळणकागदातून गाळा. गाळलेले पाणी गडद निळे येते, कारण फायकोसायनिन पाण्यात विरघळते; हरितद्रव्य विरघळत नाही, ते कागदावर राहते. निळे द्रावण पातळ करून अंधारात तीव्र टॉर्चचा झोत त्यातून सोडा आणि बाजूने बघा: लालसर चकाकी दिसेल. जी ऊर्जा पेशीत हरितद्रव्याकडे गेली असती, ती इथे लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. द्रावण तापवले की प्रथिन मोडते आणि निळा रंग उडतो.

स्पायरुलिनाबद्दल एकच गोष्ट. ती ब-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणून विकली जाते, पण तिच्यातले बरेचसे ब-१२ आपल्या शरीराला न चालणाऱ्या रूपात असते. शाकाहारी लोकांनी त्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

बाटलीबाहेर

भातखाचरात खत न घालताही नत्र कुठून येतो, याचे उत्तर सायनोबॅक्टेरिया आहेत हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. ॲझोला या तरंगत्या नेच्याच्या पानांच्या पोकळीत राहणारा सायनोबॅक्टेरिया हेच काम करतो. ॲझोलाचे पान काचपट्टीवर चिरडा, हेटेरोसिस्टने भरलेल्या माळा हमखास दिसतील. ज्यांना डबके सापडत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. समुद्रात १९८८ मध्ये जगापुढे आलेला प्रोक्लोरोकॉकस जेमतेम ०.६ मायक्रोमीटरचा, पण उबदार महासागराच्या एका मिलिलिटर पाण्यात त्याच्या लाखभर पेशी असू शकतात.

हेच जीव फॉस्फरस आणि नत्राने माखलेल्या, संथ, कोमट पाण्यात बेसुमार वाढले की विष बनतात. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर जनावरे मेल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले होते. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे १९९६ मध्ये डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन हे यांचे विष रुग्णांच्या शरीरात गेले आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. लक्षात ठेवायचे ते हे की उकळून हे विष जात नाही. उलट पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते. आणि विषारी व बिनविषारी जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, त्यामुळे काचपट्टी बघून पाणी सुरक्षित आहे असे कधीही कोणाला सांगू नका. ते काम रासायनिक तपासणीचे.

म्हणूनच वाढवलेले संवर्धन टाकून देताना ते तळ्यात, विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका. ब्लीचचे द्रावण घालून रात्रभर ठेवा आणि मग संडासात सोडा. साईच्या नमुन्याचे काम झाल्यावर काचपट्ट्या, ड्रॉपर आणि हात साबणाने धुवा.